अर्ध्या डोंगरावरून परत फिरलेल्या गिरिजाक्का

गिरिजाक्का आज सकाळी गेल्या. कॅन्सरने.

गुडघे शेवटपर्यंत शाबूत होते.

मी साताऱ्याहून नोकरीसाठी म्हैसूरला आले, तेव्हा त्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. बँकेतून रिटायर झालेल्या, एकट्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, पूर्वज राजाच्या फौजेत. मराठी अशी, की निम्मं कन्नड.

चामुंडी टेकडीच्या पायऱ्या उतरताना माझा गुडघा पहिल्यांदा दुखला. लंगडत घरी आले आणि त्यांना म्हटलं, "अक्का, संपलं माझं ट्रेकिंग."

"माझे तर दोन्ही दुखतायत ग. डॉक्टर म्हणाले, डोंगर सोडा. मी डॉक्टर सोडला. उद्या फिजिओकडे चाललेय, तू पण चल."

फिजिओने दोघींना एकच सांगितलं. मांड्या कमजोर आहेत, सगळा भार गुडघ्यावर येतोय.

मग रोज सकाळी, हेब्बाळच्या औद्योगिक भागात जाणारी माझी कंपनी बस यायच्या आधी, पार्किंगमध्ये आमचा व्यायाम. भिंतीला पाठ लावून अधांतरी बसायचं. पायरीवरून एक पाय हळूच खाली टेकवायचा, परत वर घ्यायचा.

मला कंटाळा यायचा. अक्कांना नाही.

"मेल्लगे, पुट्टी. सावकाश, पोरी. चढायला दम लागतो, उतरायला गुडघे लागतात."

काही महिन्यांनी ट्रेकिंग ग्रुपबरोबर कोडगूतल्या, म्हणजे कूर्गमधल्या, एका डोंगरावर गेलो. निम्म्या वाटेवर अक्का थांबल्या. उजव्या गुडघ्यात कळ येत होती.

ग्रुपमधल्या एकाने पेनकिलर पुढे केली. "घ्या अक्का, टॉप जवळच आहे."

"बेडा. नको. दुखणं गप्प करून चढायचं नाही मला. उतरायचं पण मलाच आहे."

आणि त्या वळल्या.

मी त्यांच्याबरोबर उतरले. दोन्ही हातांत काठ्या, गुडघे किंचित वाकवलेले, छोटी छोटी पावलं, उभा उतार आला की नागमोडी. एकदाही वर बघितलं नाही. खाली टपरीवर चहा घेताना फक्त म्हणाल्या, "पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी आम्ही टॉपला होतो.

सगळे फोटो काढत होते. अक्का डब्यातला चित्रान्न, लिंबाचा भात, खाऊन उठल्या, काठ्या घेतल्या. "चल. खरं काम आता सुरू."

मग आजार आला. केमो, अशक्तपणा. तरी पलंगावर पडल्या पडल्या एकेक पाय सरळ वर उचलायच्या.

नर्स म्हणाली, "आता कशाला, अम्मा?"

"बाथरूमला माझ्या पायांनी जायचंय मला."

अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत त्या स्वतःच्या पायांनी गेल्या. नर्स फक्त शेजारून चालायची.

मी या रविवारी चामुंडी चढणार आहे. तुमच्यापैकी ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी आधी फिजिओला दाखवावं आणि मग खुशाल यावं. दुखलं तर मध्येच वळू, कुणी काही म्हणणार नाही.

गिरिजाक्का, तुम्हाला मनापासून नमस्कार.

तुमची आठवण रोज येईल.