नेकनूरच्या पुढे, लव्हाळ्याच्या उद्घाटनाला

लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात. मी गटाराचं पाणी बघायला बीड जिल्ह्यात निघालो. माझी मावसबहीण वैशाली इंजिनिअर आहे आणि नेकनूरच्या पुढच्या एका गावात ती घाण पाणी गाळायला पाणवनस्पतींचा वाफा करत होती. ये म्हणाली, गेलो.

पुण्याहून बीडपर्यंत एसटी बरी आहे. नेकनूरपर्यंतही गाडी मिळते. पुढे जीप, ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली कधी म्हणायचं ते ड्रायव्हर ठरवतो. रस्ता नवा होता, म्हणजे खड्डेही नवे होते.

गावात लॉज नाही. वैशाली सखूबाईंकडे भाड्याने राहते, तिथेच मीही उतरलो. सखूबाईंच्या म्हशी गावाखालच्या तळ्यावर पाणी पितात. पाऊस पडला की आठवडी बाजाराच्या रस्त्यावरचं ऑईल, कुजलेली भाजी, प्लास्टिक सगळं त्याच तळ्यात उतरतं. मागच्या वर्षी त्यांची एक गाभण म्हैस गेली. ते पाणी पिऊनच गेली, असं त्या बाजरीची भाकरी थापताना सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी काम बघितलं. आधी गाळ बसायला खड्डा, मग खडीचा उथळ वाफा, त्यात लव्हाळा, पाणकणीस, कर्दळ. पाणी मुळांमधून रेंगाळत, गाळलं जाऊन तळ्यात उतरणार होतं. फक्त पाणी आत यायच्या तोंडावरच एक चबुतरा उभा होता. गावचे पुढारी, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी उद्घाटनाच्या कोनशिलेसाठी तो बांधून घेतला होता. तिथून फोटोत मागे तळं येतं. वैशालीने तो हलवायची विनंती केली.

"ताई, पाण्याचं काय, ते कुठूनबी जातं," अण्णा म्हणाले.

त्या दिवशी वैशाली धड जेवली नाही.

उद्घाटनाला मांडव होता, सोफे होते, पर्यावरणावर भाषण होतं. भाषण ऐन रंगात असताना पाऊस आला. बाजाराकडून पाणी आलं, तोंड बंद बघून वळलं आणि थेट मांडवात शिरलं. पाहुण्यांच्या पायाशी वांगी तरंगू लागली. लोक खुर्च्यांवर चढले. सखूबाई मात्र गवंड्याचा टिकाव घेऊन चबुतऱ्यापाशी गेल्या.

"अण्णा, तुमचा फोटो झाला का? मंग सरका."

अण्णांनी आपले पांढरे बूट बघितले आणि चबुतरा फोडायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर बातमी आली: अण्णांनी स्वतः पाण्याला वाट करून दिली. खाली शंभरेक हात जोडलेले.

फोटोत नसलेलं सांगतो. चबुतरा फुटताच पाणी खड्ड्याकडे वळलं, कचरा तिथेच अडकला. नवी रोपं मात्र आडवी झाली. वैशाली आणि मी गुडघाभर चिखलात ती एकेक उभी करत होतो. पलीकडून निघालेलं पाणी अजून गढूळच होतं. मुळं धरायला वेळ लागतो, वैशाली म्हणाली. सखूबाईंनी म्हशींना त्या दिवशी विहिरीचं पाणी पाजलं.

जायचं असेल तर पावसाळा सरताना जा आणि जुन्या चपला घाला.

हिवाळ्यात वैशालीचा फोन आला. लव्हाळा दाट झालाय. अवकाळी पाऊस पडला, तेव्हा तळ्यावर तवंग आला नाही. सखूबाई आधी स्वतः काठावर बराच वेळ बसल्या, मग म्हशी सोडल्या. ते ऐकून मला जे वाटलं, ते कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणी वाटलेलं नाही.

आमच्या पार्किंगमधलं ऑईलही पावसात सरळ नाल्यात जातं. सोसायटीच्या सभेत मी अशा वाफ्याचा विषय काढला. सेक्रेटरी म्हणाले, डास होतील. आत्ता नाल्यावर जे डास आहेत, ते बहुधा सभासद असावेत.