मिश्रीला कुणी तंबाखू म्हणत नाही

तुमच्या आईच्या गालाची आतली बाजू तुम्ही कधी बघितली आहे का? मी माझ्या आईची बघितली नव्हती. आणि माझं तर कामच ते आहे.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या जळकोटजवळच्या एका उपकेंद्रात कम्युनिटी हेल्थ ऑफिसर आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा स्क्रीनिंगचा फॉर्म भरायचा, बीपी-शुगर बघायची, तोंडात बॅटरी मारायची. स्क्रीनिंग म्हणजे त्रास सुरू व्हायच्या आधीच आजार शोधणं. फॉर्मवर तंबाखूपुढे 'नाही' असलं, की तोंडाची तपासणी आम्ही मागे ठेवायचो. बायकांच्या फॉर्मवर जवळपास सगळीकडे 'नाही' होतं. मला त्याचा अभिमान वाटायचा.

त्या दिवशी महानंदामावशी बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या. उठता उठता म्हणाल्या, "पोरी, तोंडाची एखादी गोळी दे की. ठेचा खाल्ला की गालात लई आग होतीय."

बॅटरी मारली. डाव्या गालात, हिरडीलगत, बोटाच्या पेराएवढा पांढरा चट्टा. कापसानं पुसला, निघाला नाही. असा चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. पण सोडून दिला तर पुढे कॅन्सर होऊ शकतो.

"मावशी, तंबाखू खाता?"

"शिव शिव. गळ्यात लिंग हाय माझ्या. आमच्या घरात तंबाखू चालत न्हाय."

"मग हे बोट काळं कशानं?"

"ती मिश्री. दात घासायाची. तंबाखू तव्यावर काळी हुस्तोवर भाजायची, कुटायची..." मावशी मध्येच थांबल्या.

शेजारी आमच्या आशा कार्यकर्त्या शबानाताई बसल्या होत्या. मावशींचा फॉर्म त्यांनीच भरलेला. त्यांनी पर्समधून एक छोटी डबी काढून टेबलावर ठेवली.

"मॅडम, माझ्या फॉर्मवर पण मी 'नाही'च लिहिलंय."

"दिवसातून किती वेळा लावता?"

"चारदा."

"चारदा दात घासतीस व्हय गं?" मावशी म्हणाल्या. "मग चमकत का न्हाईत?"

माझी आजीही दुपारी मिश्री लावत बसायची. आम्हीही मिश्रीला कधी तंबाखू म्हटलं नाही.

मी आमच्या मेडिकल ऑफिसरांना फोन केला. "सर, बायकांचे फॉर्म परत भरायचे आहेत."

"अगं, शंभर टक्के काम झालंय. वर रिपोर्ट गेलाय."

"रिपोर्ट गेला सर. तोंडं बघायची राहिली."

"कर. पण आधी त्या बाईंना धाराशिवला पाठव. बायॉप्सी करून घे."

बायॉप्सी म्हणजे चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासणं. मावशी तयार होईनात.

"तुकडा काढला की पसरतंय. माझ्या जावंचं तसंच झालं."

"जाऊबाईंचा तुकडा कधी काढला?"

"तोंड उघडंना, तवा."

"म्हणजे आधीच पसरलं होतं, मावशी. तुमचं तोंड अजून उघडतंय."

शबानाताई म्हणाल्या, "मी येते सोबत. माझं पण तोंड दाखवते." तेव्हा कुठं मावशींनी पिशवी उचलली.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण पेशी बदलायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी चट्टा काढून टाकला. आता मावशी दर तीन महिन्यांनी दाखवायला येतात आणि ठेचा खाऊन आल्याचं मुद्दाम सांगतात. शबानाताईंचं तोंड स्वच्छ निघालं. त्यांची डबी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, कुलपात. आम्ही दोघी पुन्हा घरोघर फिरलो. या वेळी एकच विचारलं, "दातांना काय लावता?" पहिल्याच गल्लीत टेबलभर डब्या निघाल्या.

ज्या फॉर्मवर सगळं छान दिसतं, तो फॉर्म आधी तपासावा, एवढं मी शिकले.

तुम्ही आज एक करा. आईला, काकूला 'तंबाखू खातेस का' असं विचारू नका. तिची डबी मागा. मग तिला उजेडात बसवून तोंड उघडायला सांगा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर तिला घेऊन जवळच्या उपकेंद्रात या. ती 'काही होत नाही' म्हणेल. तरी घेऊन या.