तारापूरच्या ड्रमंडांचं पान

सर्वपित्री अमावास्येला डरमनतात्यांच्या अंगणात दोन पानं वाढलेली असत. एक वाडवडिलांचं. दुसरं कुणाचं, असं मी पहिल्या वर्षी विचारलं, तेव्हा तात्या भात कालवत शांतपणे म्हणाले, "स्कॉटलंडवाल्यांचं." मी हादरलो. नंतर त्यांनी मला नीट सावरू दिलंच नाही.

तात्या तारापूरचे मच्छीमार, पण निम्मं आयुष्य बोईसरच्या कारखान्यात फिटर. त्यांच्या आजोबांनी होडीला एक जुनं इंजिन बसवलं. त्यावर स्कॉटलंडच्या कंपनीची पितळी पट्टी होती: ड्रमंड. गावानं त्याचं 'डरमन' करून अख्ख्या घराला ते नाव चिकटवलं, आणि रेशनकार्डावरचं खरं आडनाव पोस्टमनही विसरला. इंजिन गेलं. पट्टी देव्हाऱ्यात आली. "ज्याचं नाव लावतो त्याचं गोत नको बगायला?" हा तात्यांचा सवाल.

निवृत्तीनंतर त्यांनी ते गोत खरंच शोधायला घेतलं. त्यांचं इंग्रजी यंत्रांच्या पुस्तकापुरतं. मी इंग्रजीचा मास्तर, म्हणून दर गुरुवारी फोन घेऊन सालवडला माझ्याकडे येत. कुठल्याही शतकातला ड्रमंड सापडला की वहीत उतरे. एक पाद्री, एक दीपगृहाचा राखणदार, मेंढ्या चोरून फासावर गेलेला एक.

"तात्या, लोक वंशावळीत राजे घुसवतात. तुम्ही चोर कसले उतरवता?"

"राजाला घास घालनारे लय हायेत, मास्तर."

एका गुरुवारी जमैकातल्या उसाच्या मळ्यावरची दफनांची जुनी नोंदवही निघाली. वर मालक ड्रमंड, खाली पानभर ड्रमंडच. "केवढा गोतावळा!" तात्या खूश. मी पुढे वाचत गेलो. ती सगळी त्याची गुलाम माणसं होती. गुरांना डाग द्यावा तसं त्यानं आपलं नाव त्यांना लावलं होतं. शेवटच्या ओळीत होती दोन महिन्यांची मुलगी. तिला नाव द्यायची तसदी कुणी घेतली नव्हती. आडनाव तेवढं होतं.

तात्या चहा तसाच टाकून उठले. घरी जाऊन त्यांनी पट्टी देव्हाऱ्यातून काढली. बरेच गुरुवार आले नाहीत. मीच गेलो, तेव्हा त्यांचा मुलगा जयेश समजावत होता, "बाबा, सोडा ना ते नाव. आपलं खरं हाय की."

"आपून सोडू. त्यांना सोडता आलं काय?" तात्या म्हणाले. "आपल्यालाबी कुनी इचारून नाय चिकटवलं. पन मारून नाय चिकटवलं."

त्या अमावास्येला दुसऱ्या पानाजवळ तात्यांनी वही धरली आणि तिच्यात उतरवलेली नोंदवहीतली नावं मी वाचली. "आणि मालक?" मी विचारलं.

"त्यालाबी घालू. गोतातलाच हाय. पन त्यांचं जेवून होऊ दे आधी."

यंदा आषाढात तात्या गेले. माझा श्राद्धावर विश्वास नाही, आणि हे मी आयुष्यभर चारचौघांत मोठ्यानं सांगत आलोय. अमावास्येला जयेशचा फोन आला, "मास्तर, बाबा सांगून गेलंत. नावं तुमीच वाचायची."

गेलो. पहिलं पान तात्यांचं होतं. मी दुसऱ्यासमोर उभा राहून वहीतून वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आलो आणि अडलो. तिथे तात्यांनी नंतर कधीतरी लिहून ठेवलं होतं: "हिला नाव नाय. पोरी म्हना."

"थांबू नका मास्तर," जयेश हळूच म्हणाला. "पान गार होतंय."


मी म्हटलं, "ये पोरी."