लाल ठिपक्याच्या मोटरी

रिमोटच्या गाड्यांचं मला कधीच कौतुक वाटलं नाही. पन्नाशीला आलेले पुरुष हातभर लांबीच्या गाड्यांवरून भांडतात, हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा घरी जाऊन दार लावून घेतलं. पण हॉलची किल्ली माझ्याकडे होती, त्यामुळे दार फार वेळ लावून बसता आलं नाही.

हा हॉल आमच्या दिंडोशीच्या वसाहतीचा. लग्न, बारसं, तेरावं, निवडणुकीआधीची भाषणं, सगळं तिथेच. मी तळमजल्यावर राहते आणि कुठे जात नाही, म्हणून किल्ली माझ्याकडे. दर दुसऱ्या रविवारी सकाळी ही मंडळी यायची, मांडवाचा जुना हिरवा गालिचा अंथरायची, कडेला पाण्याचे पाइप लावून वळणं करायची आणि दुपारपर्यंत घों घों चालायचं. गाड्यांवर पातळ प्लास्टिकची टपं असायची, फियाट, ॲम्बॅसेडर, अशी. नवीन गाडीचं टप चालत नाही, असा त्यांचा नियमच होता.

असे नियम कशासाठी ते मला त्यांच्यातल्या वकिलाने सांगितलं. हा वकील दिंडोशीच्याच कोर्टात काम करतो. आधी त्यांची रेस दुसरीकडे चालायची. तिथे ज्याने जास्त महागडी मोटर आणली तो जिंकायचा. मग दुसरा त्याहून महाग आणायचा. शेवटी अर्धी माणसं घरी बसली. म्हणून यांनी वेगळं काढलं. सगळ्यांना एकच स्वस्तातली मोटर, एकच टायर, एकच बॅटरी, गाडीचं वजन ठरलेलं. मोटर उघडायची नाही. रिक्षा चालवणाऱ्यालाही परवडलं पाहिजे आणि डॉक्टरलाही कंटाळा आला नाही पाहिजे.

"पण बघणार कोण, मावशी?" वकील म्हणाला. "आमच्यातला कुणी बघायला बसला की बाकीचे त्याच्यावर संशय घेतात. तुम्हाला गाडी नाही."

"मला चौथीपर्यंतची शाळा आहे," मी म्हटलं.

"तुमचा भाचा सांगत होता, तुम्ही मोटरी बांधायच्या."

भाच्याला बोलायची गरज नव्हती. पण खरं होतं. अंधेरीला एमआयडीसीत पंख्याच्या आणि मिक्सरच्या मोटरींचा कारखाना होता, तिथे मी लग्नाआधीपासून तो बंद पडेपर्यंत कॉइल बांधल्या. तांब्याची तार, दिवसभर. नवऱ्याची गिरणी बंद झाल्यावर घर त्याच तारेवर चाललं. मोटर हातात धरली की तिच्या पोटात काय आहे ते मला कळतं. यात कौतुकाचं काही नाही. भाकरी थापणारीला पीठ कळतं तसंच.

म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. पद्धत मीच ठरवली. नवी मोटर दुकानाच्या बंद पाकिटात आणायची. पाकीट मी फाडणार. मोटरीचा पत्र्याचा डबा आणि त्याचं मागचं झाकण जिथे जुळतं, तिथे मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावणार. कुणी झाकण उघडलं तर ठिपका तुटणार. रेस झाली की पहिल्या तिघांच्या गाड्या बंद पडलेल्या किराणा दुकानातून आणलेल्या काट्यावर ठेवायच्या, मोटर काढून ठिपका बघायचा, वास घ्यायचा. जळकी मोटर वासाला लपत नाही.

भांडणं तरीही व्हायचीच. याचे टायर कशात तरी भिजवलेत, त्याचं टप खाली चेपलंय, माझं वजन चार ग्रॅम कमी म्हणजे काय, यार मावशी, चार ग्रॅम. मी म्हणायचे, चार ग्रॅम कमी म्हणजे कमी. गुडघे दुखत असायचे. घरी जाऊन पडावंसं वाटायचं.

माझा भाचा म्हणजे माझ्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. आता तोही पंचेचाळीसचा. भांडुपला त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे, आणि ते काम त्याला मीच शिकवलं. त्याच्याकडे एक ॲम्बॅसेडर होती आणि एकच मोटर. चालवायचा चांगला. हॉलमधला सगळ्यात चांगला तोच, हे बाकीचेही म्हणायचे. पहिलं वर्ष तो कधी पहिला, कधी दुसरा आला.

मग वकिलाने बारा मोटरी आणल्या.

बाराही बंद पाकिटात. मी बारा ठिपके लावले. त्याने घरी एकेक फिरवून बघितली आणि सगळ्यात जोरात फिरणारी गाडीत घातली. यंत्रावर बनलेल्या मोटरी एकसारख्या दिसतात, पण एकसारख्या नसतात. कारखान्यातही डझनात एखादी अशी निघायची. वकील जिंकायला लागला. त्याचं बघून डॉक्टरने आठ आणल्या.

"हे बरोबर नाही," मी वकिलाला म्हटलं.

"मावशी, नियमात आहे की मोटर उघडायची नाही. मी कुठे उघडली? किती आणायच्या ते लिहिलेलं नाही."

"लिहिणारे तुम्हीच ना?"

तो हसला. "म्हणून तर मला माहीत आहे."

माणूस वाईट नाही. माझ्या भाडेपावतीचं काम त्याने एक पैसा न घेता केलं. पण जिंकायची चटक लागली की माणसाला डोळ्यासमोरचंही दिसत नाही. रिक्षावाला यायचा बंद झाला. दुसरा एक होता, आरे कॉलनीतून तबेल्याचं काम उरकून यायचा, तोही बंद झाला. भाचा येत राहिला आणि चौथा-पाचवा येत राहिला.

एका रविवारी तो नवीन मोटर घेऊन आला. पाकीट नव्हतं.

"पाकीट कुठाय?"

"फाटला गो, मावशे. पोरीनं फाडल्यान खेळताना."

दुसरं कुणी असतं तर मी परत पाठवलं असतं. आधी पाठवलंही होतं एक-दोघांना. पण तो चौथा-पाचवा येऊन गप्प बसत होता ते मी बघत होते. मी बाटली उघडली आणि ठिपका लावला.

त्या दिवशी तो पहिला आला. पुढच्या वेळीही. तिसऱ्या वेळीही. मला बरं वाटलं, ते नाकारत नाही. वकील म्हणाला, "मावशी, तुमच्या ॲम्बॅसेडरला काय खायला घालता?" सगळे हसले. मीही हसले.

तिन्ही वेळा मी त्याच्या मोटरीचा नुसता ठिपका बघितला होता. चौथ्या वेळी रेस संपल्यावर मोटर काढून नाकाशी धरली. गरम होती. ठिपका शाबूत होता. आणि वार्निशचा वास आला.

हा जळका वास नव्हता. तारेवर वार्निश लावून ते भट्टीत पूर्ण भाजलं की पुन्हा वास येत नाही. दुरुस्तीच्या दुकानात भट्टी नसते, तिथे बल्बखाली वाळवतात. वरून सुकतं, आत कच्चं राहतं, आणि मोटर तापली की वास सोडतं. माझ्या साड्यांना आयुष्यभर तो वास होता.

"ही मोटर माझ्याकडे राहू दे," मी म्हटलं.

"का गो?"

"राहू दे म्हटलं ना."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग वाकून बॅटरी काढायला लागला.

घरी खिडकीत बसून मी चष्मा लावला आणि टॉर्च धरला. मोटरीला हवेसाठी बाजूला दोन फटी असतात. त्यातून बघत दांडा हळूहळू फिरवला. आतली तार कारखान्याची नव्हती. हाताने बांधलेली होती, एकाशेजारी एक, कुठे चढलेली नाही. आणि तारेची टोकं जिथे जोडतात तिथे पांढरा दोरा बांधला होता. या स्वस्त मोटरींत दोरा नसतोच. वेगात तार सुटू नये म्हणून आम्ही बांधायचो. शेवटची गाठ वर दिसत नव्हती. दोऱ्याचं टोक वेढ्यांच्या खाली ओढून घेतलं होतं.

कारखान्यात सगळ्या बायका गाठ वर मारायच्या. खाली ओढून घेणारी मी एकटी. ती पद्धत मी एकाच माणसाला शिकवली होती. दोऱ्याशिवाय बांधली असती तर त्या फटीतून मला खात्रीने सांगता आलं नसतं. पण दोऱ्याशिवाय काम सोडायला त्याचा हात तयार झाला नाही. तसं मीच त्याला मारून मारून शिकवलं होतं.

म्हणजे आता कुणी ती मोटर उघडली तर आत माझी गाठ आणि बाहेर माझा ठिपका.

दुसऱ्या दिवशी मी आरेतून जाणारी बस पकडून पवईला उतरले, तिथून दुसरी बस करून भांडुपला गेले. तो दुकानात एका मिक्सरचं भांडं खोलून बसला होता. मी मोटर काउंटरवर ठेवली.

"चहा घेशील?" तो म्हणाला.

"नको. कधी बांधलीस?"

"गणपतीच्या सुट्टीत." त्याने लपवालपवी केली नाही. "वकील बारा आणतो ता चालता. डॉक्टर आठ. मी एकच आणली आणि हातानं नीट केली तर मी चोर?"

"उघडायची नाही असा नियम आहे."

"नियम कोणी लिवलो?"

"तू सही केलीस ना त्याच्याखाली."

"मावशे, ह्यांच्याकडे पैसे आहेत, ते पैसे लावतात. माझ्याकडे हात आहे. तूच दिलास."

मी म्हटलं, "रविवारी सांगणार आहे मी."

"कोणाक कळूचा नाय."

"मला कळलंय."

"तू गप्प ऱ्हवलंस तर काय बिघाडतला?"

"उद्या तो आरेवाला परत आला, आणि त्याला ना बारा घेता येत, ना बांधता येत, तर त्याला काय सांगू?"

त्याने मिक्सरचं भांडं बाजूला सारलं. "तू ठिपको लावलंस ता पण सांगतलंस?"

"तेच आधी सांगणार."

"मग जा," तो म्हणाला. "बस चुकात."

रविवारी सगळे आल्यावर मी सांगितलं. पाकीट नसताना मी ठिपका लावला, कारण तो माझा भाचा होता. मोटर आतून बांधलेली आहे. चारही रेस रद्द धरा. भाचा दाराशी उभा होता, पाठीवर गाडीची बॅग, ती खाली ठेवलेली नव्हती. वकिलाने नियम वाचला, कारण वाचायचं काम त्याचंच असतं. मोटर उघडणारा एक वर्ष बाहेर. वाचताना त्याचा आवाज कोर्टातल्यासारखा नव्हता. भाचा ऐकून निघून गेला.

मी किल्ली आणि नेलपॉलिशची बाटली टेबलावर ठेवली. "आता हे दुसरं कुणीतरी बघा."

"मावशी, असं करू नका ना," डॉक्टर म्हणाला.

"मग माझं एक ऐका. सगळ्यांनी आपल्या सगळ्या मोटरी माझ्याकडे द्यायच्या. मी त्या पिठाच्या डब्यात ठेवीन. रेसच्या दिवशी न बघता हात घालायचा, हाताला येईल ती आपली. रेस झाली की परत डब्यात."

"सगळ्या म्हणजे?" वकील म्हणाला.

"सगळ्या. बारा असतील तर बारा."

"माझी वस्तू आहे ती."

"हो. आणि माझ्या भाच्याची एक होती."

वकील त्या दिवशी चिडून गेला आणि दोन रविवार आला नाही. बाकीच्यांनी मोटरी दिल्या. तिसऱ्या वेळी तो आला, पिशवीतून बारा मोटरी काढल्या आणि एकेक करून डब्यात टाकल्या. त्याने हात घातला आणि त्याला डॉक्टरची सगळ्यात मंद मोटर आली. सातवा आला. "वाट लागली माझी," म्हणाला आणि पाइप गुंडाळायला लागला.

डब्याने भांडणं संपली असं नाही. आता म्हणतात, मावशी डबा हलवत नाही, मावशीचा डबा खोल आहे. पण रिक्षावाला परत आला. आरेवाला आला नाही. त्याने गाडी विकून टाकली होती.

भाचा वर्षभर घरी आला नाही. बहिणीच्या श्राद्धाला आला, जेवला, पान उचललं आणि गेला. मी गाड्यांचं काढलं नाही, त्यानेही नाही.

वर्ष संपल्यावर एका रविवारी तो हॉलच्या दारात दिसला, पाठीवर तीच बॅग. मी वजन करत होते, तशीच करत राहिले. त्याचा नंबर आला तेव्हा त्याने डब्यात हात घातला आणि मोटर काढली. माझ्यासमोरच दांडा बोटाने फिरवून बघितला. घरघरत होती. आतलं घासून गेलं होतं, मला टेबलापलीकडून कळलं. त्याला तर हातातच कळलं.

"बदलून मिळणार नाही," मी म्हटलं.

"मागितली कोणी?"

तो शेवटून दुसरा आला. रेस झाल्यावर मोटर काढून त्याने माझ्यासमोर ठेवली. "हिचे कार्बन गेलेत. दोन मिनटांचा काम आसा."

"हात लावू नकोस."

"नाय लावत गो."

मी ठिपका बघितला, वास घेतला आणि मोटर डब्यात टाकून डबा हलवला. त्याच्यासमोरच, नीट हलवला. त्याने बांधलेली मोटर माझ्या कपाटात आहे. तसं काम मी पुन्हा कुणाचं बघितलेलं नाही. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही, आणि तो विचारतही नाही. गालिचा गुंडाळायला त्याने दुसरं टोक धरलं, कारण माझ्या गुडघ्यांना आता ते होत नाही.