काय काय सोडलं?

मामाजींचे ओठ जांभळे पडले होते. लाखनीच्या दवाखान्यातल्या बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून ते बसले होते आणि प्रत्येक श्वासाला गळ्याच्या खळगीतली कातडी आत ओढली जात होती. आमचे हे त्यांना आडवं करू पाहत होते. मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्यांचा हात झिडकारत होते. बोलायला दम नव्हता.

“दमाच हाय, डॉक्टरसाहेब, नेहमीचा. एक सुई लावून द्या,” हे म्हणाले. “तिकडे धानाची रोवणी थांबून हाय.”

“आडवं करू नको त्याले. बसू दे.” डॉक्टर माझ्याकडे वळले. “बाई, तू सांग. बुढ्यानं काय काय सोडलं?”

ते डॉक्टर गेल्या महिन्यात नागपूरला मुलाकडे वारले. मला दूधवाल्यानं सांगितलं. त्यांच्यावर कोणीतरी शिकलेला माणूस लिहील म्हणून वाट पाहिली... कोणी लिहिलं नाही. मी चौथीपर्यंत शिकले. जमेल तसं लिहिते.

डॉक्टर गोड बोलणारे नव्हते. पेटती बिडी घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला बाहेर काढायचे आणि ती विझली की स्वतःच आत बोलवायचे. बिडीनं म्हणा, चुलीच्या धुरानं म्हणा, आमच्याकडे म्हातारपण खोकल्यातच जायचं. कोणालाही विचारा, “दम लागते का?” तर म्हणणार, “नाही बा.” ते खोटंही नसायचं. जो चालतच नाही त्याला दम कशाला लागेल? माणूस आधी शेत सोडतो, मग तळ्याची पाळ सोडतो, मग विहिरीवरची आंघोळ सोडतो आणि खाटेवर बसून सांगतो, मी बरा आहे. म्हणून डॉक्टर दमाचं आधी विचारतच नसत. काय सोडलं ते विचारत. मग बैलांच्या गोष्टी काढून म्हाताऱ्याला बोलतं करत आणि वाक्य कुठे तुटतं ते बघत. छातीला नळी सगळ्यात शेवटी.

तर आणीबाणीच्या आगेमागे, त्या रोवणीच्या दिवसांत, मी दवाखान्यात पदर ओढून उभी होते. आमच्या घरी सून सासऱ्यासमोर बोलत नसे. तीन लेकरं झाली तरी मी मामाजींसमोर एक पुरतं वाक्य बोलले नव्हते. बोलायचे ते फक्त मामाजी. त्यांच्या शिव्या शेजारच्या गावापर्यंत जात. बैलांना, गड्यांना, मला, सगळ्यांना सारख्याच. त्या वर्षी मात्र घर शांत झालं होतं. सासूबाईंना वाटलं, त्यांचे सोमवार फळले. शेजारणी म्हणायच्या, “तुयं नशीब उघडलं, बाई.” मलाही बरंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

“तिले काय विचारता? मी सांगतो ना,” हे म्हणाले.

“तू तं दिवसभर वावरात. त्याले जेवाले कोण वाढते?”

मी पदर न सारता बोलले. “मामाजीनं शिव्या देनं सोडलं.”

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की घरी गेल्यावर काय होणार ते मला तिथेच कळलं. डॉक्टर हसले नाहीत. “कवापासून?”

“होळीपासून कमी कमी. आता तं एक बी नाही. रात्री भिंतीले टेकून बसल्या बसल्या झोपतेत. चपला पायात जात नाहीत.”

मामाजींचे डोळे लाल झाले. मला शिवी द्यायला त्यांनी तोंड उघडलं. अर्धी बाहेर आली, अर्धी आतच राहिली.

डॉक्टरांनी ते पाहिलं. धोतर वर करून नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो भरेचना. “खोकला जुना हाय. ही सूज नवी हाय. छातीच्या दुखण्यानं आता हृदयाले धरलं. दमा म्हणून घरी नेलं असतं तं सकाळ पाहिली नसती यानं.” त्यांनी अंगातलं पाणी काढायची सुई दिली, रस्त्यावर जाऊन भंडाऱ्याकडे जाणारा ट्रक स्वतः थांबवला आणि ह्यांना नाही, मला बजावलं, “वाटेत कोणी याले झोपवलं तं जोरानं ओरड.”

मी ओरडले. दोनदा.

भंडाऱ्याच्या दवाखान्यातून मामाजी घरी आले, त्या दिवशी पहिल्याच घासाला म्हणाले, “मीठ का तुया बापानं खाल्लं?” सासूबाई तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मी समोर उभी राहून म्हटलं, “मीठ डॉक्टरनं बंद केलं.” पुढे तपासणीला जायचं म्हटलं की मामाजी ह्यांना म्हणायचे, “तू राहू दे. सुनेले गाडीत बसव.”

मागच्या दिवाळीत डॉक्टर लाखनीला आले तेव्हा मी भेटायला गेले. खुर्चीत ताठ बसून होते, हात गुडघ्यांवर. मी विचारलं, “साहेब, काय काय सोडलं?”

“जिना सोडला,” ते हसले. “बाजार सोडला. आता तुयासंगं बोलता बोलता...”

वाक्य तिथेच राहिलं. मी ते पुरं केलं नाही.

मामाजी पुष्कळ वर्षं जगले. माझ्या थोरलीच्या लग्नात मांडवात उभं राहून त्यांनी व्याह्यालाही सोडलं नाही. मग ते गेले, पुढे हे गेले, आता डॉक्टर. त्या दिवशी त्या खोलीत होतो त्यांतली मी तेवढी आहे.