डब्यावरचा नशराचा फोटो

नशराला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती उंदराच्या मागे टेबलाखाली रांगत होती. नवीन पनवेलच्या कॉलेजात मी प्रयोगशाळा सहाय्यक, आणि ही नवी आलेली मॅडम. "कुमुदताई, आधी दार लावा!" म्हणून माझ्यावरच खेकसली. तिथून आमचं जे जमलं ते जमलंच.

तिचं संशोधन सप्तरंगीच्या मुळांवर. आपल्याकडे साखरेच्या आजाराला म्हातारी माणसं ह्या वेलीच्या मुळांचा काढा घेतात. त्यातलं नेमकं कोणतं द्रव्य काम करतं, ते तिला शोधायचं होतं. वडील ह्याच आजारानं गेलेले, म्हणून तर पोरगी ह्यात पडली. आणि आई, सकीनाबी, रोज इन्सुलिनवर.

"ह्यानं भाताची साखर जरा सावकाश होते, ताई, बस. इन्सुलिनची जागा हे घेऊ शकत नाही. आणि आपले प्रयोग अजून उंदरांवरच आहेत." हे ती भेटेल त्याला सांगायची. घरी तर दहादा सांगायची.

मुळं मेली दगडासारखी. कॉलेजचा मिक्सर जळला, तेव्हा जुन्या पनवेलातला तिचा मोठा भाऊ शहजाद धावून आला. त्याची मसाल्याची चक्की होती. मिरची दळून झाली की यंत्र स्वच्छ पुसून तो हिची मुळं दळून द्यायचा. "भाई किती करतो माझ्यासाठी!" म्हणायची. करतो कसला, डोंबल!

ही गोष्ट दोन हजार बाराच्या रमजानमधली. नशरा करंजाड्याला भाड्याच्या घरात, आई शहजादकडे. सुई टोचली की रोजा तुटतो, हे सकीनाबींच्या डोक्यात पक्कं बसलेलं. डॉक्टर रोजे नकोच म्हणत होते, पण ही बाई ऐकणारी नव्हे. शेवटी नशरानं मौलानांना घरी नेऊन त्यांच्या तोंडून वदवून घेतलं की सुईनं रोजा तुटत नाही. डॉक्टरांकडून इन्सुलिनच्या वेळा बदलून घेतल्या. रोज इफ्तारनंतर प्रयोगशाळेतून फोन करायची.

"अम्मी, इन्सुलिन घेतलंस?"

"घेतलं गं बाई, घेतलं."

रमजान संपत आला होता. मी हळद घ्यायला शहजादच्या दुकानात गेले, तर समोर सप्तरंगीच्या भुकटीच्या डब्यांची चळत. डब्यावर पांढऱ्या कोटातली नशरा! तो फोटो मीच काढलेला, चर्चासत्रात. खाली छापलेलं, 'इंजेक्शनपासून कायमची सुटका.'

"नशराला विचारलंत का हो हे?" माझ्या डोक्यात सणक गेली होती.

"घरचीच तर गोष्ट आहे, ताई," शहजाद हसत म्हणाला. "अम्मीपण हेच घेते. पहाटे सहरीला एक चमचा. सुईची कटकटच नाही."

मी तिथूनच नशराला फोन लावला. रिक्षानं आली ती तडक दुकानाच्या वरच्या मजल्यावर, शहजादच्या घरात धावली. सकीनाबी पलंगावर पडलेल्या, पायावर ओढणी गुंडाळलेली. नशरानं ओढणी सोडली आणि खोलीत वास पसरला. चप्पल चावल्याची साधी जखम होती म्हणे. अंगठा काळा पडला होता.

"अम्मी, तू तर रोज सांगत होतीस..."

"शहजाद म्हणाला तुझंच औषध आहे. तुला सांगू नको म्हणाला, तू सुईवर अडून बसशील."

ईदच्या आदल्या दिवशी घोट्याच्या वरून पाय कापला.

इस्पितळातले शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर भडकलेले. सकीनाबी शुद्धीवर आल्यावर सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "इन्सुलिन बंद करायला कुणी सांगितलं?"

शहजाद भिंतीला टेकून खाली बघत होता. सकीनाबींनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नशरानं. माझी मुलगी शास्त्रज्ञ आहे ना. तिनंच बनवलंय."

"अहो, काय बोलताय!" मी ओरडलेच. "ह्या माणसानं..." नशरानं माझा दंड असा आवळला की पुढचं बोलणं घशातच राहिलं.

"शिकलेल्या ना तुम्ही? स्वतःच्या आईवर प्रयोग?" डॉक्टर तिला म्हणाले आणि निघून गेले. शहजादही त्यांच्यामागून सटकला. त्यानं केसानं गळा कापला ते एक वेळ समजलं असतं. पण आईनं?

नशरा पलंगाजवळ गेली. "अम्मी, तुला ठाऊक होतं की मी नाही दिलं."

"त्याचं दुकान आहे, बायकोपोरं आहेत," सकीनाबी हळू आवाजात म्हणाल्या. "तुझं काय आहे, नशरा?"

मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर तोंड फिरवून निघून जाईल. मी असते तर गेले असते, खरं सांगते. तिनं घड्याळ पाहिलं. जेवणाआधीच्या इन्सुलिनची वेळ झाली होती. नर्सला विचारून तिनं सुई भरली, आईचा सदरा जरासा वर केला आणि टोचली.

"दुखतं गं," सकीनाबी म्हणाल्या.

"हो," नशरा म्हणाली, आणि कापूस दाबून धरून उभी राहिली.