विहिरीवरच्या चाची

येडशीजवळ आमच्या शेजारच्या मळ्यातल्या चाचींच्या विहिरीत मी पोहण्याचा सराव करायचे. चाचींना पोहता येत नव्हतं. काठावर बसून त्या सारख्या ओरडायच्या, "बस झालं बेटी, वर ये!"

कॉलेजातून मी परदेशातल्या ट्रायथलॉनला गेले. आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग धावणं. परतल्यावर मी पुन्हा विहिरीत पोहत होते, तेव्हा चाचींनी काठावरून विचारलं, "कितवी आलीस?"

"लई मागं राहिले, चाची."

"पण तुझ्याबी मागं कुणी होतं का न्हाय?"

"होत्या की."

"मग झालं तर!" त्या खूश झाल्या. "समुद्राची भीती न्हाय वाटली?"

"लई वाटली. तशीच उतरले."

 चाची चपला काढून जपून पायऱ्या उतरल्या, कमरेएवढ्या पाण्यात थांबल्या आणि माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "आता मला शिकव."